लाल सलाम, शरणु शरणार्थी

रस्त्यात कोणीही भेटो, आमच्या शेजारच्या मन्मथप्पांचा नमस्कार एका श्वासात दोन पंथांना पोहोचत असे. उजवी मूठ वर जाई, "लाल सलाम!" ती खाली येण्यापूर्वी डावा तळहात छातीवर टेके, "शरणु शरणार्थी!" उदगीरच्या आडत बाजारातले हमाल पहिल्या अर्ध्याला उत्तर देत, लिंगायत व्यापारी दुसऱ्या अर्ध्याला. मी नव्याने बदलून आलेला शिक्षक. कोणत्या अर्ध्याला उत्तर द्यावे हे न कळल्याने बरेच दिवस नुसती मान हलवीत असे.

मन्मथप्पा हमालांचे पुढारी आणि डाव्या पक्षाचे गावातले सर्वांत जुने सभासद. खांद्यावर लाल रुमाल, आणि सदऱ्याच्या आत, चांदीच्या डबीत, इष्टलिंग. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिंगायतांत स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकाने आपले लिंग अंगावर बाळगायचे, रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मृत्यूनंतर ते हातात घेऊनच मातीत जायचे.

त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान बाजारातले मोठे आडते. सकाळी त्यांच्या दुकानासमोर मन्मथप्पांची "मुर्दाबाद" घुमे आणि दुपारी मन्मथप्पा त्यांच्याच पंक्तीला दिसत. मी एकदा भीत भीत विचारले. "घोषणा आडतीला हाय," ते म्हणाले, "जेवन बहिनीचं हाय. गल्लत नगा करू, मास्तर."

पत्नी वारल्यापासून ते घरात एकटेच राहत. आमच्या दोन घरांत भिंत एकच होती. पहाटे पलीकडून पूजेची पुटपुट ऐकू येई आणि संस्कृतचा विद्यार्थी या नात्याने मी कान देई. परंतु त्या पुटपुटीत अधूनमधून "ज्वारी" येई, एकदा तर स्पष्ट "तहसीलदार" आला. कोणत्या स्तोत्रात तहसीलदार येतो, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

लातूर जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि पावसाने लागोपाठ दगा दिला होता. पूर्वी मोर्चा उस्मानाबादेला न्यावा लागे. "आता मोर्चा काढून रातच्या जेवनाला घरी येता येतं," मन्मथप्पा म्हणत. "नव्या जिल्ह्यानं एवढं तरी केलं." खडी फोडणाऱ्या मजुरांसाठी त्यांनी जेवण सुरू केले. कढई मठाची, सरपण पक्षाचे. कढईच्या एका अंगाला "दासोह" असा मठाच्या अन्नदानाचा फलक, दुसऱ्या अंगाला लाल अक्षरांत "जनता भोजन केंद्र". स्वामीजी आले की मन्मथप्पा या बाजूने वाढत, पक्षाचे कोणी आले की त्या बाजूने. कण्या दोन्हीकडे सारख्याच पातळ असत.

नवा जिल्हा म्हणजे पक्षाची नवी जिल्हा कमिटी, आणि तिला सेक्रेटरी हवा. दुसरे नावच कोणाच्या तोंडी नव्हते. उभे आयुष्य मोर्च्यात घालवलेल्या या माणसाला ते पद मनापासून हवे होते आणि ते त्यांनी लपवलेही नाही. सायकलीला नवी घंटी बसवून घेतली. "सेक्रेटरी आला हे लोकायला कळाय नको?"

तेवढ्यात वर तक्रार गेली की हा कॉम्रेड रोज पूजा करतो. चौकशीला शहरातून एक निरीक्षक आले. मन्मथप्पांकडे खुर्च्या नसल्याने बैठक माझ्या ओसरीवर भरली.

"कॉम्रेड, आपला पक्ष धर्म मानत नाही," निरीक्षक सौम्यपणे म्हणाले.

"आमच्या जुन्या संतांनी, शरणांनीबी देऊळ न्हाई मानलं. चांभार आन् बामन एका पंक्तीला बसवले. मास्तर, तुमी बामन, राग नगा मानू. आन् साहेब, तवा तुमचा पक्ष कुटं होता?"

हमालांचे मुकादम हुसेनभाई दाराशी उभे होते. "साहेब, मी नमाज पढतो. मलाबी काढता का?"

"सभासदाला मुभा आहे. सेक्रेटरीला नाही."

"म्हंजे बढती झाली की अल्ला सोडायचा?"

निरीक्षकही हसले. परंतु माणूस उथळ नव्हता. "मठाच्या जमिनी कुळं कसतात," ते म्हणाले. "उद्या मठावर मोर्चा न्यावा लागला, तर गळ्यात लिंग घातलेला सेक्रेटरी पुढे राहील?"

"ऱ्हाईन."

"मी विश्वास ठेवीन. कुळं ठेवतील?"

मन्मथप्पा खांद्यावरचा लाल रुमाल नीट करू लागले. 

निरीक्षकांनी पेनाचे टोपण काढले. त्यांना माणूस गमवायचा नव्हता, हे स्पष्ट दिसत होते. "एवढंच सांगा, कॉम्रेड. ही श्रद्धा आहे, की नुसती घरची सवय? सवय असेल तर मी तसं लिहितो. सवयीला पक्षाची हरकत नाही."

आम्ही सारे मनातल्या मनात "सवय, सवय" म्हणत होतो. मन्मथप्पांचा तळहात छातीवर गेला.

"श्रद्धा हाय म्हनून लिवा."

सेक्रेटरीपद चाकूरच्या एका तरुणाला मिळाले. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, सांत्वनासाठी म्हणून, मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडेच होते. मन्मथप्पा पाठमोरे बसले होते.

"गेलं बग, महानंदे, सेक्रेटरीपद," ते तळहातावरच्या लिंगाशी बोलत होते. "चाकूरच्याला दिलं. पोरगं बेस हाय, भाषन तेवढं लांबवतंय. ज्वारी आनिक महागली. तहसीलदार येतो म्हनला, आला न्हाई..."

महानंदा हे त्यांच्या पत्नीचे नाव. ते स्तोत्र मला त्या दिवशी कळले.

माझी चाहूल लागली तरी ते दचकले नाहीत. "हे माझं न्हाई, मास्तर. तिचं हाय," ते म्हणाले. "माझं तर लग्नापसून खुटीला होतं. मी कुटं देव मानतो? माती द्यायच्या येळेला ज्याचं त्याच्या हातात ठिवायचं असतंय. तिनं जलमभर पुजलेलं मातीत घालायला माझा हात धजला न्हाई. खुटीवरचं माझं तिच्या हातात ठिवलं. माती द्यायला आलेल्या जंगमालाबी पत्ता लागला न्हाई."

"अप्पा, हे त्या दिवशी सांगितलं असतं, तर निरीक्षकांनी—"

"सवय म्हनून लिवलं असतं. मरायच्या दिशीबी पूजेबिगर पानी घेतलं न्हाई तिनं. तिच्या देवाला सवय म्हनू? सायकलीच्या घंटीपायी?" मग थोडेसे हसून म्हणाले, "श्रद्धा हाय म्हनलो. कुनाची, ते त्यानं इचारलं न्हाई."

मी त्यांच्याशेजारी टेकायला गेलो. 

"जरा भाईर थांबा, मास्तर," ते संकोचून म्हणाले. "तिला अजून मोर्च्याचं सांगायचं ऱ्हायलंय."

मी दार ओढून घेतले. त्यानंतर पहाटे भिंतीपलीकडून आवाज आला की मी माझी खुर्ची अंगणात नेत असे. ज्वारीचा भाव मला बाजारातही कळला असता.