चित्रातल्या माशाचा डोळा

बिट्टोर उरिबेला शेवटी सोलागुरेन ललित कला संग्रहालयाच्या दोन पहारेकऱ्यांनी बखोटीला धरून पायऱ्यांखाली आणून सोडलं. सोडताना त्याची वाकडी झालेली टोपी डोक्यावर नीट बसवूनही दिली. हे असं झालं, असं लोक म्हणतात. तिपुला भोजन मंडळाच्या दफ्तरी मात्र असं काही झालेलंच नाही. तसा ठराव मंजूर आहे, तोही एकमताने. एक मत कमी पडत होतं, म्हणून बिट्टोरने स्वतः दोनदा हात वर केला. तेव्हा आपणही ते झालंच नाही असं धरून चालू.

तिपुला मंडळ म्हणजे जुन्या बिल्बाओतल्या एका तळघरात पुरुषांनी पुरुषांसाठी चालवलेलं स्वयंपाकघर. हे पुरुष घरी पाण्याचा पेलाही स्वतः भरून घेत नाहीत. मंडळात मात्र कांदा किती बारीक चिरावा यावरून त्यांचे एकमेकांशी अबोले होतात. स्त्रियांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही. भांडी घासायला रोज सकाळी एक बाई येते, पण नियमावलीत तिची गणना स्त्रियांत होत नाही. वर्षातून एकदा, सांतो तोमासच्या जत्रेच्या दिवशी, बायकामुलांना मेजवानीला बोलावतात. ज्याच्या हातात मंडळाची मोठी लाकडी पळी, तो त्या दिवसाचा मुख्य स्वयंपाकी. जेवणं झाली की सगळे उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात.

ही पळी कित्येक वर्षं बिट्टोरकडे होती. उभा जन्म त्याने जहाजबांधणीच्या कारखान्यात काढला, पण तिथे त्याच्यासाठी कोणी कधी उठून उभं राहिलं नाही. अलीकडे बसमध्ये जागा द्यायला लोक उभे राहू लागले होते, आणि ते त्याला मुळीच आवडत नव्हतं. तेव्हा पळी ही त्याच्यासाठी नुसती पळी नव्हती.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्याने मंडळात भट्टीत भाजलेला बेसुगो वाढला. बेसुगो म्हणजे गुलाबीसर अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा समुद्री मासा. नाताळ जवळ आला की या गावात माणसांपेक्षा त्याच्या प्रकृतीची चौकशी जास्त होते. बिट्टोरचा मेव्हणा चोमिन याने ताटातल्या माशाच्या डोळ्याकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला.

"भावोजी, हा मासा मला ओळखतो," तो म्हणाला.

"कसा काय?"

"गेल्या आठवड्यात बाजारात आमची गाठ पडली होती."

टेबलावरचे बाकीचे काटेही एकेक करून खाली आले. रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी मासळी घ्यायची नसते, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बिट्टोरने बेसुगो सोमवारीच घेतला होता. त्याला रांगेत उभं राहायचा भारी कंटाळा, आणि सोमवारी मासळीवाल्याकडे रांग नसते. का नसते, याचा त्याने विचार केला नव्हता.

कबूल करावं तर पळी जाते. म्हणून त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एका औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं, आणि त्यावर सोलागुरेन संग्रहालयातलं एक प्रसिद्ध चित्र छापलं होतं: टेबल, अर्धं कापलेलं लिंबू आणि एक आडवा बेसुगो. बिट्टोरचं म्हणणं असं, की चारशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या चित्रकाराने काढलेल्या या माशाचा डोळाही पांढुरका आणि खोल गेलेला आहे. तरी आजवर त्याला कोणी शिळा म्हणालेलं नाही. तात्पर्य, उत्तम बेसुगोचा डोळा असाच असतो. चोमिनने उलट विचारलं, छापणाऱ्याची शाई शिळी नव्हती कशावरून? मूळ चित्र पाहिल्याशिवाय आपण एक घास खाणार नाही.

तेव्हा लक्षात आलं की मूळ चित्र कोणीच पाहिलेलं नाही. बाहेरगावच्या प्रत्येक पाहुण्याला ही मंडळी संग्रहालय दाखवत आली होती, पण बाहेरून, समोरच्या बारमध्ये उभी राहून. आत कोणीतरी जाऊन आलं असणार, असा प्रत्येकाचा दुसऱ्याबद्दल समज होता. अखेर मंडळाचा चिटणीस कांदिदो, ज्याला शेवटी बोललेल्या माणसाचं म्हणणं नेहमी पटतं, त्याने तोडगा काढला. मूळ चित्रातला डोळा पांढुरका निघाला तर चोमिनने मेजवानीत सर्वांसमक्ष माफी मागायची. स्वच्छ निघाला तर पळी तिथल्या तिथे चोमिनला द्यायची. तिथल्या तिथे द्यायची म्हणजे पळी बरोबर न्यायला हवी, हेही ओघाने आलंच.

घरी बिट्टोरची बायको गार्बिन्ये मोजे जुळवत बसली होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "सोमवारचा होता, एवढं म्हणून टाक ना. जीभ झडेल का?"

"मग पळी जाईल."

"जाऊ दे. आपल्या घरी तीन पळ्या आहेत. इथे कर स्वयंपाक."

"इथे टाळ्या कोण वाजवणार?"

गार्बिन्ये गेली पस्तीसेक वर्षं त्याच घरात रोज दोन वेळचा स्वयंपाक करत होती. मग तिने दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे एकत्र गुंडाळून त्याच्या कप्प्यात ठेवले.

संध्याकाळी उशिरा संग्रहालयात प्रवेश फुकट असतो. ती वेळ होईपर्यंत बिट्टोर, चोमिन आणि कांदिदो समोरच्या बारमध्ये थांबले आणि तिकिटाला लागलं असतं त्याहून बरंच जास्त तिथे खर्च करून आत गेले. दाराशी पहारेकऱ्याने छत्र्या ठेवून घेतल्या. पळी पाहून तो घुटमळला. आत काय नेऊ नये याचा फलक त्याने दोनदा वाचला. छत्री होती, काठी होती, आइस्क्रीमही होतं. पळी नव्हती. त्याने आत सोडलं.

आत चालायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा ते बारमधून बारमध्ये फिरतात तसे फिरले. प्रत्येक दालनात घटकाभर उभं राहायचं, काहीतरी एक बोलायचं, पुढे निघायचं. अंगभर बाण घुसलेल्या एका संतासमोर कांदिदो म्हणाला, "तब्येत बाकी ठेवलीय." एका भल्यामोठ्या युद्धाच्या चित्रासमोर चोमिनने घोडे किती दिवसांचे असतील याचा अंदाज घेतला. अशा तऱ्हेने ते बेसुगोपाशी पोहोचले.

डोळा लखलखत होता. इतका काळाभोर आणि टवटवीत, की माशाला समुद्रातून काढून नुकतीच काही वाईट बातमी सांगितली असावी. चोमिनने पळीसाठी हात पुढे केला.

"हा तो मासा नाही," बिट्टोर म्हणाला.

मासा तोच होता. हे सांगायला डॉक्टर नाहिया तिथे हजर होत्या. वयाने तरुण आणि चष्म्याने वयस्क अशा या बाई संग्रहालयात जुन्या चित्रांची दुरुस्ती करत, आणि त्या संध्याकाळी पाचसहा लोकांना घेऊन याच चित्रावर बोलायला आल्या होत्या. त्यांनी आनंदाने समजावलं की चित्रावरचा रोगणाचा थर पिवळा पडून माशाचा डोळा गढूळ दिसत होता. त्यांनी स्वतः कित्येक महिने कापसाच्या बोळ्यांनी तो थर काढला आणि आतला मूळ डोळा उजेडात आणला.

"म्हणजे शिळ्या माशाला कापसाने पुसलंत," बिट्टोर म्हणाला, "आणि ताजा म्हणून मांडलात. बाजारात कोणी असं केलं तर परवाना जातो, बाई."

"आम्ही तो विकत नाही हो, आजोबा."

"फुकट वाटला म्हणून शिळा ताजा होत नाही."

नाहियाबाईंना हे लागलं. आजवर त्यांच्या कामावर टीका झाली होती, पण मासळीच्या अंगाने नाही. त्यांनी आवाज जरा वरच्या पट्टीत नेऊन सांगितलं, की हा नुसता मासा नव्हे. हा ऱ्हास आहे. जगातलं सगळं सौंदर्य कसं नासत जातं, ते चित्रकाराने या माशातून दाखवलं आहे, आणि आपण याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झालो आहोत.

"नासत जातं," बिट्टोर सावकाश म्हणाला. "ऐकलंस, मेव्हण्या? बाई डॉक्टर आहेत."

"नासलेल्याचा डोळा असा चमकतो होय?" चोमिनने बाईंनाच विचारलं. "का तुमचं पुसताना काही चुकलं?"

आता नाहियाबाईंची पंचाईत झाली. मासा ताजा म्हणावा तर प्रबंध बुडतो. शिळा म्हणावा तर सफाई बुडते. दोन्ही त्यांच्याच नावावर. त्या विचार करत असताना त्यांच्याबरोबरच्या लोकांनी चित्राचा ताबा घेतला. हे लोक इतका वेळ प्रकाश आणि छाया यांबद्दल मान खाली घालून ऐकत होते. पण विषय मासळीवर आल्यावर या शहरात मान खाली घालणारा माणूस मिळत नाही. एक गृहस्थ म्हणाले, डोळ्यावर जाऊ नका, कल्ले बघा. एका बाईंनी शेपूट ताठ असल्याकडे लक्ष वेधलं. तिसऱ्याने पुढे वाकून चक्क वास घेतला. चित्राजवळ गेलं की वाजणारी छोटी घंटा वाजू लागली, आणि सगळे तिच्यापेक्षा मोठ्याने बोलू लागले.

"एका शब्दात सांगा बाई," बिट्टोर म्हणाला. "ताजा की शिळा?"

"तो रंगवलेला आहे," नाहियाबाई म्हणाल्या.

हे उत्तर दोन्ही पक्षांना पळपुटेपणाचं वाटलं. कल्ल्यांवर बसलेली पिवळट झाक निदान सगळ्यांना नीट दिसावी, म्हणून बिट्टोरने हात लांब करून पळीच्या टोकाने ती दाखवली. पळी माशापासून बोटभर अंतरावर थांबली. चारशे वर्षांत त्या माशाच्या इतक्या जवळ कोणतंच भांडं आलं नव्हतं. आता मोठी घंटा वाजली. तळमजल्यापासून गच्चीपर्यंतचे दरवाजे आपोआप बंद झाले. पुढचं झालेलं नाही.

न झालेल्या त्या प्रकारानंतर तिघं पायऱ्यांखाली उभे होते. पावसाची भुरभुर चालू होती. पळी बिट्टोरच्याच हातात होती, कारण जप्त करायच्या वस्तूंच्या फलकावरही पळी नव्हती.

"दे," चोमिन म्हणाला.

बिट्टोरने पळीकडे पाहिलं. मग तो परत पायऱ्या चढून दारापर्यंत गेला आणि त्याने त्याच पहारेकऱ्यांकडे तक्रारीचा सरकारी कागद मागितला. या देशात दुकान असो, खाणावळ असो वा संग्रहालय, मागणाऱ्याला हा कागद द्यावाच लागतो. नुकत्याच हाकललेल्यालाही. पहारेकऱ्यांनी कागद दिला, वर पेनही दिलं.

"कांदिदो," बिट्टोर म्हणाला, "एखादं प्रकरण सरकारदरबारी निकालासाठी पडून असलं, तर मंडळाचा नियम काय सांगतो?"

शेवटी बिट्टोर बोलला होता, त्यामुळे कांदिदोला ते पटलं. निकाल लागेपर्यंत वस्तू ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहते, असं त्याने सांगितलं. निकालाला किती दिवस लागतात, असं चोमिनने विचारलं. कांदिदोने गल्लीतला बंद दिवा लावण्यासाठी असाच एक कागद भरला होता. त्याचा निकाल यायचा होता. दरम्यान ती गल्ली पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती.

चोमिनने हात खिशात घातले. मग हळूच म्हणाला, "भावोजी, आपल्या दोघांत राहील. सोमवारचा होता ना?"

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," बिट्टोर म्हणाला. "वाक जरा. लिहायला टेबल नाही."

चोमिन वाकला. अर्ज त्याच्या पाठीवर लिहिला गेला.

सांतो तोमासच्या रात्री पळी बिट्टोरच्याच हातात होती. सगळे उभे राहिले, टाळ्या झाल्या. गार्बिन्येही उभी राहिली, तिने टाळ्या वाजवल्या, आणि आपल्या ताटातला मासा चोमिनच्या ताटात सरकवला. अर्जाची प्रत मंडळाच्या भिंतीवर लावलेली आहे. तिच्यात बिट्टोरने लिहिलंय:

"माननीय संचालक, सोलागुरेन ललित कला संग्रहालय, यांस. आपल्या ताब्यातील बेसुगो मासळी आपल्या कर्मचाऱ्यांनी अर्जदाराची पूर्वसंमती न घेता ताजी केली असून, त्यामुळे अर्जदाराच्या प्रतिष्ठेस बाधा पोहोचली आहे. तरी सदर मासळी तिच्या मूळच्या शिळेपणासह, निदान उजव्या डोळ्यापुरती, पूर्ववत करून मिळावी. निर्णयाची अर्जदारास कोणतीही घाई नाही. हे शक्य नसल्यास, मूळ चित्रकारास नोटीस पाठवून समक्ष बोलवावे आणि सदर मासा अर्जदाराच्या देखरेखीखाली त्याच्याकडून पुन्हा काढून घ्यावा, ही नम्र विनंती."