आईला उठवणारी गाडी

पिकअप सुरू झाल्याशिवाय आई अंथरुणातून उठत नाही, हे मुलीच्या ध्यानात आलं तेव्हा नुकती कुठे थंडी पडायला लागली होती.

तशी बाबा गेल्यापासून आई उठतच नव्हती. दुपारी कधीतरी दोन घास खायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हलतंफिरतं ठेवा त्यांना. अशाच पडून राहिल्या तर पुढे मला बोलावूनही उपयोग नाही." मुलीने लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं. शोकावरची एकापेक्षा एक चांगली पुस्तकं तिने वाचलेली होती, पण आईला पांघरुणाबाहेर कसं काढावं, हे एकातही दिलेलं नव्हतं.

मग एकदा सकाळी, गाडी बंद राहून खराब होऊ नये म्हणून तिने अंगणातली पिकअप सुरू केली. बाबांनी उभी हयात या गाडीतून फरशा पोहोचवल्या होत्या. गाडी खोकली, थरथरली, तिचे झाडून सगळे पत्रे वाजले. पाठोपाठ घरात बादली वाजली. मुलगी धावत आत गेली तर आई तोंड धुऊन, पदर खोचून स्वयंपाकघरात काडेपेटी शोधत होती.

"एवढा उशीर होतो का निघायला?" आई म्हणाली, आणि मग कोणाला म्हणाली ते आठवून गप्प झाली. पण पुन्हा झोपली मात्र नाही.

तेव्हापासून कुठेही न जाणारी ती गाडी रोज सकाळी सुरू होऊ लागली. आई उठू लागली, जेवू लागली, मुलीच्या हातच्या भाजीला नावं ठेवू लागली. आता सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच थंडी वाढली आणि गाडीने संप पुकारला.

मुलगी किल्ली फिरवायची. समोरची हीटरची पिवळी खूण पेटायची, विझायची. विझली की ती सेल मारायची. इंजिन घरघरायचं, पांढरा धूर सोडायचं आणि थंड व्हायचं. घरात आईने कूस बदलल्याचा आवाज यायचा. भिंतीकडे.

समोरचे काका मफलर गुंडाळून फाटकाशी आले. "बॅटरी," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

काकांनी जन्मात कधी गाडी घेतली नव्हती. त्यामुळे गाड्यांबद्दलचं त्यांचं मत कधी खोटं ठरलं नव्हतं. मुलीने नवी बॅटरी आणून बसवली. आता इंजिन दुप्पट जोमाने घरघरू लागलं आणि दुप्पट जोमाने सुरू होईना.

"बघा, बॅटरी किती छान चालतेय," काका म्हणाले.

पलीकडचा टँकरवाला दात घासत आला. "बॅटरीला काय चाटायचंय? डिझेलच्या लाईनमध्ये हवा धरलीय. तो फिल्टरवरचा पंप दिसतोय ना, तो मारा, ताई. घट्ट होईपर्यंत मारा."

मुलीने पंप मारला. डिझेल बाहीतून कोपरापर्यंत उतरलं. मग सेल मारला, पुन्हा मारला, आणि गाडी एकदाची सुरू झाली, पण कशी? अंगात आल्यासारखी घुमत होती. तिच्या पांढऱ्या धुरात काका दिसेनासे झाले, नुसते खोकताना ऐकू येत होते. एवढं सगळं होईस्तोवर उन्हं डोक्यावर आली होती. आईने आतून विचारलं, "कोण आलंय एवढा दंगा करायला?" आणि पांघरूण ओढून घेतलं.

शेवटी मुलगी गाडी मेकॅनिककडे घेऊन गेली. रात्रभर तिथे गार होऊ दिल्यावर त्याने बॉनेट उघडून तारा लावून पाहिल्या आणि हात पुसत सांगितलं, "चारातले दोन हीटर प्लग मेलेत. त्यामुळे थंडीत दोन सिलिंडर काम करतात, दोन नुसते बघत बसतात. जळत नाही ते डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर. इंजिन तापलं की मग चौघं सुतासारखे सरळ. एवढी वर्षं तुमच्या बाबांनी ही चालवली कशी, हेच मला कळत नाही."

त्याने नवे प्लग बसवले. शिवाय बाबांच्या ओळखीखातर ढिला सायलेन्सर आवळला, वाजणारे पत्रे कसले, बॉनेटखाली रबर लावलं. "हे आपलं माझ्याकडून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. धूर नाही, थरथर नाही, एखाद्या सुशिक्षित घरातल्यासारखा मोजका आवाज. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिथे कोणी नव्हतं.

"आई, गाडी सुरू झाली."

"शेजारची असेल."

"आपली आहे गं."

"आपली अशी वाजत नाही," आई भिंतीला म्हणाली.

त्या दिवशी ती जेवलीही नाही. मुलगी संध्याकाळी पुन्हा मेकॅनिकच्या दारात हजर झाली.

"जुने प्लग आहेत का हो?"

"त्या भंगारात पडलेत. का?"

"परत बसवा."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "ताई, लोक इथे गाडी बरी करायला आणतात."

"आणि सायलेन्सर ढिला करा."

"किती?"

"होता तेवढा."

"तेवढा ढिला व्हायला बारा वर्षं लागतात, ताई. तो हाताने होत नाही."

मुलीने त्याला सगळं सांगितलं. मेकॅनिक ऐकत राहिला, मग भंगारात हात घालून बसला. गाडी परत देताना एवढंच म्हणाला, "हे काम माझ्याकडे केलंत म्हणून कुठे सांगू नका."

पण इतके दिवस थंडीनेही हात आवरता घेतला होता म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून असा गारठा पडला की गाडीच्या काचेवर पांढरा थर धरला. मुलीने किल्ली फिरवली. खूण पेटली, विझली. सेल मारला. घरघर, धूर, शांतता. पुन्हा मारला. पंपही मारून झाला. काका आले, टँकरवाला आला, दोघांचं आपसात वाजलं. नव्या बॅटरीचाही सूर उतरायला लागला. आता काय राहिलं होतं? बाबा गेले, आई चालली, आणि आपल्याला साधी एक गाडी नीट बिघडवता आली नाही. मुलीने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. हॉर्न वाजला.

"हॉर्न वाजतोय," काका म्हणाले. "म्हणजे बॅटरी ठीक आहे."

कपाळ उचलायचंही तिच्या जिवावर आलं, त्यामुळे हॉर्न वाजतच राहिला.

"सरक," दाराशी कोणीतरी म्हणालं.

आई होती. अंगावर पांघरूणच गुंडाळलेलं, केस विस्कटलेले.

"आई, तुला कुठे येते गाडी?"

"चालवायची कुठेय? सरक म्हणते ना."

आई चढून बसली. किल्ली फिरवली. पिवळी खूण पेटली, विझली.

"आता सेल मार."

"गप बस. आधी बोलावं लागतं हिला."

मग आईने, सावकाश आणि आवाज न चढवता, गाडीला शिव्या द्यायला सुरुवात केली. आधी गाडीला, मग ती बनवणाऱ्याला, ती विकणाऱ्याला, त्याच्या सासुरवाडीला. इतकं वाचलेल्या मुलीलाही त्यातले निम्मे शब्द नवीन होते. काका आभाळाकडे बघू लागले. टँकरवाल्याने तोंडातला ब्रश काढून हातात घेतला.

"बाबा रोज एवढं बोलायचे?" मुलीने हळूच विचारलं.

"थंडीत. उन्हाळ्यात निम्म्यावर सुरू व्हायची."

सासुरवाडीतलं शेवटचं माणूस संपेपर्यंत आतले दोन जिवंत प्लग चौघांचं काम उरकून लालभडक झाले असावेत. आईने सेल मारला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि धडधडत सुरू झाली. स्टिअरिंग थरथरायला लागलं, त्यावरचे आईचे हात थरथरायला लागले. ती समोर काचेवरच्या पांढऱ्या थराकडे बघत राहिली. कोणी काही बोललं असतं तरी त्या आवाजात ऐकू आलं नसतं.

बऱ्याच वेळाने मुलगी वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "चल आत. चहा टाकते."

"इथंच आण," आई म्हणाली. "आणि अर्धाच कप आण. हिच्यात भरलेला राहत नाही."