व्याह्यांचा निकाल होल्डवर

आमचे व्याही शंकरराव कुठलीच वस्तू एक विकत घेत नाहीत. छत्री घेतली तर दोन कंपन्यांच्या दोन. झाडू दोन. दातांचे ब्रशसुद्धा दोन. एकाने डावीकडचे दात घासायचे, दुसऱ्याने उजवीकडचे, आणि मग आरशात बघून निकाल द्यायचा. सगळा जन्म रबाळ्यात राहून तिथल्याच एका कारखान्यात माल तपासण्यात गेला. रिटायर झाले तरी तपासणी सुटली नाही. त्यांच्या तोंडी निकाल तीनच. पास, रिजेक्ट, नाहीतर होल्ड. होल्ड म्हणजे अजून ठरलं नाही, माल बाजूला ठेवा.

या माणसाबद्दल मला मान खाली घालूनच लिहावं लागणार आहे. पण आधी थोडं हसून घ्या.

माझ्या पोराचं लग्न जुळवायला ते आमच्या नेरूळच्या घरी आले होते. चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "मुलगा एकच का?" मला वाटलं, घराच्या वाट्याची चौकशी चाललीय. मी भांडायच्या तयारीत म्हटलं, "एकच. का?"

"नाही, दोन सँपल असले की ताडून बघता येतं."

माझी बायको गुणा पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला उठून आत जावं लागलं.

लग्न झालं आणि तो आमच्या घरातला त्यांचा शेवटचा चहा ठरला. मुलीच्या सासरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. आता पोरगा आणि सून राहतात खारघरला टॉवरमध्ये. नेरूळला मी आणि गुणा. तरी त्यांच्या लेखी मुलीचं सासर हेच. येताना स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायचे. गुणा म्हणायची, "व्याही, आमच्या नळाच्या पाण्यात इख हाय काय?" ते हात जोडायचे आणि बाटलीतलं पाणी प्यायचे.

मग गुणा गेली. तेरावं झालं आणि पोरगा, सून, नात खारघरला परत गेली. पोरगा म्हणाला, बाबा, चला. मी म्हटलं, नाही येत, तुमच्या संडासातला नळपण मला समजत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दारात शंकरराव. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात तांदळाची जुनी गोणी, आणि गोणीत दोन खोके.

"सईचा वाढदिवस येतोय. नातीला फुटबॉलचं वेड. दुकानात टेबलावर खेळायचे दोन फुटबॉल मिळाले. कुठला द्यायचा ते टेस्ट करायला पाहिजे."

"मग करा की तुमच्या घरी."

"एकट्याने फुटबॉल होतो का, व्याही?"

दार तोंडावर आपटणार होतो. घरातली बाई मेलीय आणि हा माणूस खेळणी घेऊन आलाय. पण तोवर ते आत शिरून, गुणाच्या फोटोला हात जोडून, जमिनीवर मांडी घालून बसलेसुद्धा.

पहिल्या खोक्यात पुठ्ठ्याचं मैदान होतं. त्यावर चौकोन, दोन फासे आणि पत्त्यांची गड्डी. फासा टाकायचा, तेवढी घरं बॉल सरकवायचा. मध्येच पत्ता उचलायचा, तर त्यावर लिहिलेलं, तुमचा खेळाडू लंगडला, एक डाव बसा. सापशिडीला बूट घातले की हा खेळ झाला. दुसऱ्या खोक्यात हिरवं कापड, दोन जाळ्या आणि गोल बुडाची प्लास्टिकची माणसं. टिचकी मारली की माणूस डुलत डुलत जाऊन बॉलला धडकतो. हा खेळ मला लगेच आवडला. जवानीत गावच्या कॅरमवर माझं बोट चालायचं. पण तसं बोललो नाही. लाज वाटली.

पहिल्या दिवशी खेळ झालाच नाही. शंकररावांनी एक गोलकीपर टेबलावरून खाली टाकून बघितला. कापडावर स्वतःच्या थर्मासमधला चहा सांडून पुसला. "पोरं सांडणारच." फासा कितीतरी वेळ टाकत बसले आणि म्हणाले, "सहा फार येतात. सँपल एक संशयास्पद."

"मग दुसरा पास करा नि मोकळे व्हा."

"असं नसतं, व्याही. होल्ड."

दुसऱ्या दिवशी परत हजर. मग रोजच. एकदा पंखा चालू ठेवून खेळायचं, एकदा बंद करून. चष्मा लावून, चष्मा काढून. एके दिवशी म्हणाले, "आज हरणाऱ्याचा स्वभाव तपासू. तुम्ही हरा."

"मीच का?"

"तुम्हाला राग लवकर येतो. रिझल्ट क्लिअर मिळेल."

मी चिडलो. त्यांनी समाधानाने मान हलवली.

आता खरं सांगतो. दुपार कलली की माझे डोळे दाराकडे लागायला लागले. बायकोला जाऊन दोन महिने नाहीत आणि मी टिचकीसाठी बोटं चोळत बसायचो. स्वतःचीच किळस यायची. खेळायला बसताना मी गुणाच्या फोटोकडे पाठ करायचो.

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. माझा माणूस डुलत गेला, त्यांच्या दोन खेळाडूंच्या मधून बॉल सटकला तो थेट जाळीत. मी गुडघे विसरून उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "गोऽऽल!"

वळलो तर उघड्या दारात माझी मेहुणी. गुणाची धाकटी बहीण. हातात तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा, डोळ्यांत पाणी.

"भावजी," ती म्हणाली, "माझ्या ताईच्या फोटोचा हार अजून सुकला नाय."

डबा ठेवला आणि गेली. वर केलेले हात खाली कसे आणायचे तेच मला कळेना.

लाज माझी, पण काढली शंकररावांवर. "उचला ही खेळणी! तुमचं डोकं फिरलंय, माझं कशाला फिरवता? उद्यापासून येऊ नका."

त्यांनी एकेक माणूस वेचून खोक्यात ठेवला. एक गोलकीपर सापडेना, तो तसाच सोडला. "बरं, व्याही," म्हणाले, बाटली घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. दारात कोणी नाही. आज मी फोटोकडे तोंड करून बसलो होतो. तिच्याकडे बघवेना.

सकाळी झाडू मारताना खाटेखाली गोलकीपर मिळाला. मी सुनेला फोन लावला. "तुझ्या अप्पांचं खेळणं राहिलंय इथे. सईचा वाढदिवस कधी हाय?"

सून म्हणाली, "बाबा, वाढदिवस होऊन गेला. घरात असं झालेलं, म्हणून साजरा नाही केला. तिला बूट घेतले."

"मग ते दोन खेळ?"

"ते दोन्ही अप्पांनी दुकानातच रिजेक्ट केले होते. तरी घेतले. मी विचारलं, तर म्हणाले, मला लागतात."

मग तीच हळू म्हणाली, "बाबा, आमची आई गेली ना, तेव्हा दिवे लागायच्या वेळी अप्पांना घरात बसवायचं नाही. कुलूप लावून रबाळे स्टेशनवर बाकड्यावर जाऊन बसायचे. मला फार उशिरा कळलं."

संध्याकाळी गोलकीपर खिशात घातला आणि रबाळ्याला गेलो. उतरलो तर शंकरराव समोरच, बाकड्यावर. मांडीवर बाटली. मी शेजारी बसलो. गोलकीपर काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडात धरून फिरवून बघितला. "नाक घासलंय. रिजेक्ट."

"व्याही, मी त्या दिवशी तुम्हाला..."

"गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. गाडी आली नव्हती.

शेवटी मीच म्हटलं, "डाव्या हाताची टेस्ट राहिलीय."

"राहिलीय खरी."

"माझी मेहुणी परत आली तर?"

ते विचारात पडले. "रेफ्री नाहीच आपल्याकडे. तिला विचारून बघा."

काल दिवेलागणीला ते आले. गोणी होती, दोन खोके होते, पण बाटली नव्हती. मला वाटलं, विसरले. मांडी घालून बसले, एकदा खाकरले.

"व्याही, जरा पाणी द्या."

मी आत गेलो आणि गुणाचा पेला भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, एका दमात रिकामा केला. पिताना माझ्याकडे नाही, फोटोकडे बघत होते.

"टेस्टिंग आहे," ते घाईघाईने म्हणाले. "नेरूळचं पाणी आणि रबाळ्याचं पाणी. सँपल एक, सँपल दोन."

"मग? निकाल काय?"

त्यांनी तोंड पुसलं.

"होल्ड," म्हणाले, आणि पेला परत पुढे केला.