चाकांच्या घराचे मागले दार नीट केले, त्याची हकीकत

ज्याच्या दृष्टीने विघ्ने विरतात त्या गजाननास दंडवत, आणि ज्या घरास जोत्याऐवजी चाके आहेत त्या घराच्या चाकांसही दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते, ते चार चाकांवर चालत असे. मोठी मोटार, तिचे आत घर केलेले. शेगडी, पाण्याची टाकी, निजावयास दोन जागा, आणि मागील अंगास बिछान्याखाली सामानाचा खण, त्यास बाहेरून उघडावयाचे दार. राज्य दोघी बहिणींचे. थोरल्या द्वारकाबाई, त्यांस अक्कासाहेब म्हणत. जन्मभर शिवणकाम केले, आणि मग पाठीच्या कण्याचा विकार होऊन दोन्ही पाय अधू जाहले, हात मात्र शाबूत राहिले. धाकट्या मालिनीबाई पोस्टातून निवृत्त होऊन गाडी हाकीत असत. अक्कासाहेबांची चाकांची खुर्ची त्या मागल्या खणात राहत असे, आणि खुर्चीवाचून अक्कासाहेबांचे बाहेर पडणे होत नसे.

पावसाळाभर गाडी अंगणात उभी होती. मग थंडी पडली आणि अक्कासाहेबांची मर्जी समुद्र पाहावा ऐसी जाहली, आणि स्वारी घाट उतरून किनाऱ्यास आली, आणि सुरूच्या बनात मुक्काम केला. मालिनीबाई खुर्ची काढावयास मागे गेल्या, तो दार उघडेना. मूठ ओढिली, ती हातात आली. मग पहार लाविली, तो दार एकाएकी सुटले आणि कळो आले की वरची रबरी पट्टी चिरली होती, तेथून पाणी शिरत गेले, आणि बाहेरचा पत्रा साजरा दिसे परंतु आतील लाकडी फळी चहात बुडविलेल्या खारी बिस्किटासारखी जाहली होती. बोट लाविता गळून पडे. खुर्ची निघाली, तिला बुरशी लागलेली.

अक्कासाहेब खिडकीतून सर्व पाहत होत्या. त्या बोलिल्या, "माले, दार दोरीने बांध आणि घरी चल. पुरे झालं आता."

"अगं, समुद्र समोर आहे!"

"दिसला इथून." मग म्हणाल्या, "तुला सांगितलं नव्हतं. मी एका वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. खोली आहे त्यांच्याकडे. तू किती दिवस माझं ओझं वाहणार?"

हे ऐकून मालिनीबाई पायरीवर बसल्या. रडल्या की नाही ते लिहिणारास ठाऊक नाही. तोंड समुद्राकडे होते. मग उठून एवढेच बोलिल्या, "आधी दार करू. दाराशिवाय गाडी घरीही जात नाही आणि आश्रमातही जात नाही."

मग मालिनीबाई बंदरावर गेल्या. तेथे दाऊदभाई म्हणून होड्यांचे सुतार होते, त्यांनी होडीचे प्लायवूड दिले आणि करवत दिली आणि म्हणाले, "ताई, हे पाण्याला भीत नाही. फक्त कडांना रंग पाजायला विसरू नका." मग मालिनीबाईंनी परत येऊन पत्र्याचे स्क्रू काढिले, कुजके लाकूड खरवडून टाकिले, चौकट उन्हात सुकत ठेविली, आणि जुन्या फळीचे तुकडे जुळवून नव्यावर पेन्सिलीने आखू लागल्या. परंतु तुकडे फुगलेले. आखणी वाकडी आली, पुसली, पुन्हा वाकडी आली. अक्कासाहेब खिडकीत बसून पाहत होत्या. प्रथम उसासा टाकिला, मग मान वळविली, आणि मग त्यांच्याने राहवेना.

"अगं, फुगलेल्या कापडावरून कुणी माप घेतं का? चौकटीचं घे! वर्तमानपत्र आण. कात्री आण. आणि मला खाली उतरव."

मग खुर्ची पुसून तीवर पंचा घातिला, आणि मालिनीबाईंनी बहिणीस कवेत धरून खाली उतरविले, आणि अक्कासाहेबांनी कागद चौकटीवर दाबून नखाने घडी पाडिली, चारी कोपऱ्यांची गोलाई ब्लाऊजच्या गळ्यासारखी कापिली, आणि म्हणाल्या, "चहूकडून दोरा फिरेल एवढं लहान ठेव. दाराला श्वास लागतो." मालिनीबाईंनी त्या कागदावरून फळी कापिली. बसवून पाहिली, तो अंगास शिवलेल्या झंपरासारखी बसली. मग कडांस होडीचा रंग पाजिला, तो वाळू दिला, मग पाण्याने न सुटणारा डिंक लाविला, फळीवर पत्रा घातिला, पाण्याचे कॅन वजनास ठेविले. दुसरे दिवशी गावातील गॅरेजातून रबरी पट्टी आणिली. मालिनीबाई पट्टीचा सांधा वरती घेऊ लागल्या, तो अक्कासाहेब ओरडल्या, "खाली घे, खाली! पाणी वरून येतं. जोड नेहमी खालच्या अंगाला." मग सांधा खाली घेतला, नवी मूठ बसविली, बिजागऱ्यांस तेल दिले.

पारख बाकी होती. मालिनीबाई बॅटरी घेऊन खणात शिरल्या, दार लाविले, आणि बाहेर अक्कासाहेब खुर्चीत बसून तांब्यातांब्याने पाणी दारावर मारित्या जाहल्या.

"आलं का गं?"

"नाही."

"आता?"

"कोरडं ठणठणीत!"

मग खणातून वाकून बाहेर येणाऱ्या बहिणीच्या डोक्यावर अक्कासाहेबांनी उरलेला तांब्या ओतिला. "ही तुझी पारख," म्हणाल्या. दोघी बहुत हसल्या, इतक्या की बंदरावरून दाऊदभाई पाहावयास आले.

त्या संध्याकाळी ओल्या वाळूपर्यंत खुर्ची ढकलीत नेली. पायांस लाट लागली. अक्कासाहेबांस पाण्याचा थंडपणा कळला नाही, परंतु लाट मागे जाताना वाळू सरकते ती त्या पाहत राहिल्या. मालिनीबाई शेजारी उकिडव्या बसून त्यांच्या पायांवरची वाळू धूत होत्या. मग अक्कासाहेबांनी फोन मागितला, आणि आश्रमास लाविला, आणि बोलिल्या, "मी द्वारकाबाई. ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. नाही, तब्येत तशीच आहे. मी सध्या कामात आहे."

येणेप्रमाणे दार जाहले. तदनंतर स्वारी किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस कूच करिती जाहली, पुढल्या पावसात खण कोरडा राहिला. या मोहिमेत शस्त्र ते कात्री आणि करवत. शत्रू ते पाणी. जैसे कानी आले तैसे लिहिले, अधिक उणे वाचणाराने सांभाळून घ्यावे.