जयवंतच्या होडीची टाकी

तलाव स्वच्छ राहतो तो नियमांमुळे. हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. त्याआधी मी परळच्या आमच्या गिरणीच्या तलावाकडे नुसतीच पाहत होते. तेव्हा यंत्रं थंड करून परत येणारं पाणी कोमट असायचं. वडिलांचा डबा पोहोचवून परतताना मी त्यात पाय बुडवत असे (विनापरवाना).

आता गिरणीच्या जागी तीन टॉवर आहेत आणि तलावाला ‘लेक’ म्हणतात. लेकवर होडी एकच, आमच्या चाळीतल्या जयवंतची. तो जाळीने पाण्यातली घाण काढतो. त्यावर त्याचं घर चालतं.

मागे नोटीस आली: जलाशयावरील प्रत्येक नौकेस मैला साठवण्याची टाकी असावी, तिची दरमहा तपासणी व्हावी, अन्यथा नौका जप्त. नियम उत्तम आहे. मोठ्या बोटींसाठी केलेला असावा, पण उत्तम आहे.

निरीक्षक पुष्करसाहेब होडीभोवती दोनदा फिरले. “टाकी कुठाय?”

“साहेब, होडी दहा फुटांची. संडासच नाही, तर टाकी कशाला?” जयवंत म्हणाला.

“संडास नसल्याचा रकाना फॉर्मात नाही.”

जयवंतची बायको शेवंती काठावरून ओरडली, “अहो, वीस खोल्यांत मिळून चार संडास आमचे! त्यातला एक होडीला देऊ काय?”

साहेबांनी हे शेऱ्यात लिहून घेतलं आणि शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

जयवंतने निळं पिंप बसवलं. शुक्रवारी साहेबांनी झाकण उघडून वास घेतला आणि ते नाराज झाले. रिकाम्या टाकीची गळती तपासता येत नाही (कलम सात). संध्याकाळपर्यंत भरली नाही तर होडी जप्त.

“काकी, आता?” जयवंतने मला विचारलं.

आमची चाळ अशा वेळी मागे हटत नाही. गणपतीच्या वर्गणीला फिरावं तशी शेवंती दारोदार फिरली. एकोणीस खोल्यांनी आपापली बादली आणून दिली. बादल्यांवर तेलरंगात खोली नंबर असतात, त्यामुळे गोंधळ झाला नाही. वीस नंबरच्या वसंतरावांना बद्धकोष्ठ होतं. त्यांनी पुढच्या महिन्याचा शब्द दिला.

टाकी गळली नाही. प्रमाणपत्र मिळालं, होडी वाचली.

“साहेब, आता ही ओतू कुठे?”

साहेबांनी नियमावली चाळली. मैला उपसण्याचं केंद्र मंजूर आहे, बांधलेलं नाही. तोवर जवळच्या अधिकृत गटारात. अधिकृत गटार टॉवरच्या मागे आहे. ते लेकमध्ये उघडतं.

तेव्हापासून दर महिन्याला चाळ टाकी भरते, साहेब सही करतात, जयवंत ओततो आणि दुसऱ्या दिवशी जाळी घेऊन काढायला जातो. होडीची घाण पूर्वी शून्य होती, पण त्याची कुठे नोंद नव्हती. आता दोनशे लिटर आहे, तीन प्रतींत.

त्याच गटारातून तिन्ही टॉवरचंही रोज येतं. त्यांना नोटीस नाही, कारण टॉवर तरंगत नाहीत.

वाचताना तुम्ही नाकाला रुमाल लावला असेल. लावा. फक्त आज सकाळी तुम्ही बटण दाबलंत, त्यानंतर ते कुठे गेलं, तेवढं आठवून पाहा. आमच्या बादलीवर निदान नंबर होता.