डॉक्टर टिपणीसांचं कुंदकळी मुद्रणालय

तोंडात कापसाचा बोळा असलेल्या माणसाला कविता वाचून दाखवणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे ठाण्याचे दंतवैद्य, डॉक्टर टिपणीस.

माझी त्यांची ओळखच तशी झाली. स्वराज्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी ठाण्याच्या कोर्टात कारकून होतो. उजवीकडची दाढ तीन दिवस ठणकत होती. चौथ्या दिवशी गाल हातात धरून, जिना चढून तलावाजवळच्या त्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला खुर्चीत मागे रेलवलं, सुई टोचली, दोन बोळे कोंबले आणि म्हणाले, "बधिर व्हायला दहा मिनिटं लागतील. तोवर हे ऐका."

खिशातून कागद काढून त्यांनी कल्याणच्या कुणा मास्तरांची 'निळ्या तळ्याकाठी' नावाची कविता खणखणीत आवाजात वाचली. वाचून झाल्यावर माझ्या तोंडावर वाकून विचारलं, "कशी वाटली?"

मी म्हणालो, "आँ."

"वा! सगळ्यांना तेच कडवं आवडतं," डॉक्टर म्हणाले आणि माझी दाढ उपटली.

दाढ गेली, पण मी अडकलो. कोर्टातली जुनी कागदपत्रं वाचून वाचून माझी नजर कुठल्याही अक्षराला सरावली होती. हे कळताच डॉक्टरांनी मला पडद्याच्या मागे नेलं. पडद्याच्या पुढे दवाखाना, मागे छापखाना. कल्याणला लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले, तेव्हा त्यांचं हाताने दाबायचं छोटं यंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, दोन पेट्या डॉक्टरांनी घेतल्या होत्या. नाव ठेवलं होतं 'कुंदकळी मुद्रणालय'. दात कुंदकळ्यांसारखे असावेत म्हणून. गावात मात्र सगळे त्याला 'दंतकथा' म्हणत.

इथे फक्त कविता छापल्या जात. मी हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि डॉक्टरांनी दातांच्याच चिमट्याने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. छपाई झाली की खिळे स्पिरिटने पुसून, उकळून ठेवायचे. पानं शिवायला हिरड्यांना टाके घालायचा रेशमी दोरा आणि बाकदार सुई. "फरक एवढाच," डॉक्टर म्हणत, "हे टाके आठ दिवसांनी काढायला लागत नाहीत." त्या पुस्तिकांना लवंगेच्या तेलाचा असा वास यायचा, की विरहाची कविता वाचतानासुद्धा माणसाची जीभ नकळत दाढेकडे जाई.

खिळे लग्नपत्रिकांचे होते, ही खरी अडचण. 'श्री' पसाभर. 'चि. सौ. कां.'चे तयार ठोकळे डझनभर. चित्रं तीनच: गणपती, कलश आणि सनई-चौघडा. त्यामुळे ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमधल्या एका फिटरने मित्राच्या मृत्यूवर लिहिलेल्या कवितेच्या डोक्यावर सनई-चौघडा आला. आणि सगळ्यांत मोठी पंचाईत म्हणजे 'ळ'. 'ळ' होते फक्त अकरा. त्यातला एक कायमचा 'कुंदकळी'त अडकलेला.

आता मराठी कवीला 'ळ' सोडून कसं जगता येणार? डोळे, आभाळ, काळीज, ओंजळ, सांजवेळ, सगळीकडे 'ळ' ठाण मांडून बसलेला. डॉक्टर कवीला समोर बसवून एकेक 'ळ' उपटत.

"हे बघा, 'डोळ्यांत डोळे घालून' म्हणजे दोन 'ळ' गेले. 'नजरेत नजर' करा. अर्थ तोच, 'ळ' शून्य."

"पण डॉक्टर, भावना..."

"भावना शाबूत आहे. फक्त वरचं टोक घासलंय."

त्यांची संपादनाची भाषा सगळी अशीच. "दुसऱ्या कडव्याला कीड लागलीय, मुळासकट काढू." "शेवट पोकळ वाटतोय, भरून घ्या." कल्याणचे जोगळेकर मास्तर, तेच तळ्याकाठचे, संग्रह घेऊन आले तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांत आधी त्यांच्या आडनावाकडे खिन्नपणे पाहिलं. "मुखपृष्ठावरच एक 'ळ' जाणार. टोपणनाव घेता का?"

मास्तर हाडाचे गरीब. वीस वर्षं मासिकांना कविता पाठवून 'साभार परत'ची पाकिटं घरी साठवलेली. ते लगेच म्हणाले, "घेतो की! चंद्रकांत चालेल?"

डॉक्टर विरघळले. "नको. आडनाव असू द्या. मी माझा काढतो." आणि मास्तरांच्या पुस्तिकेवर प्रकाशक म्हणून 'कुंदकली मुद्रणालय' असं छापलं गेलं.

दर रविवारी चार वाजता दवाखान्यात काव्यवाचन. पेशंटांच्या बाकावर ज्येष्ठ मंडळी, खाली सतरंजीवर बाकीची. सुरुवातीला डॉक्टर नेहमीचं वाक्य म्हणत, "कुणाला दुखलं तर हात वर करा, कवी थांबतील." फिटरच्या खंडकाव्याला एकदा नऊ हात वर झाले. डॉक्टरांनी ते मोजले आणि म्हणाले, "थोडंसंच राहिलंय, सोसा."

हे गृहस्थ पन्नाशीचे आणि अविवाहित. एकदा खिळे पुसताना त्यांनीच सांगितलं. तरुणपणी मुली पाहायला जात, पण हे दातांचे डॉक्टर म्हटल्यावर मुली तोंड घट्ट मिटून बसत. नाव विचारलं तरी उत्तर वडिलांनी द्यायचं. पेणच्या एका मुलीने मात्र धीटपणे हसून नाव सांगितलं. "फार गोड हसली हो," डॉक्टर म्हणाले. "आणि मी तिच्या वडिलांना म्हणालो, डाव्या सुळ्याशेजारची दाढ दाखवून घ्या." तिथून नकार आला.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग मास्तरांच्या संग्रहाचा प्रकाशन समारंभ ठरला आणि डॉक्टरांनी अध्यक्ष म्हणून पुण्याच्या एका नामांकित टीकाकारांना बोलावलं. नाव सांगत नाही. त्यांच्या लेखणीने कित्येक कवी कायमचे गप्प बसवले होते. ते येणार म्हटल्यावर मास्तर आठ दिवस धड जेवले नाहीत. "दामले," मला म्हणाले, "त्यांनी वाईट म्हटलं तर मी पुन्हा ओळ लिहिणार नाही. शाळेत चित्रकला शिकवीन आणि गप्प राहीन."

रविवारी दवाखाना खच्चून भरला. कल्याण-डोंबिवलीचे कवी, कोलशेतहून मिठागरावरचे एक मुकादम, मास्तरांची अख्खी शाळा. अध्यक्ष टांग्यातून उतरले ते कपाळाला आठ्या घेऊनच. पुस्तिका हातात घेऊन त्यांनी हुंगली. मग पहिलं पान उघडलं. त्यावर गणपती आणि कलश. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

मास्तर पांढरेफटक पडले.

तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी पुढे झाल्या. त्यांनी कल्याणहून तिळाच्या वड्या करून आणल्या होत्या. बाई मायाळू, पण पाक फारच पक्का झाला होता. अध्यक्षांनी शिष्टाचार म्हणून एक वडी तोंडात टाकली आणि चावली.

कट्!

तो आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला. अध्यक्षांनी गाल धरला. डॉक्टर एका उडीत त्यांच्यापाशी पोचले. "आ करा," म्हणाले. पुण्याच्या त्या थोर टीकाकाराने सत्तर माणसांसमोर आ केला. "तुटलीय. अर्धी आत आहे. काढायलाच हवी. मंडळी, पाच मिनिटं!" आणि खुर्ची पडद्याआड सरकवून त्यांनी अध्यक्षांना पलीकडे नेलं.

बाहेर मास्तरांच्या पत्नी पदराने डोळे पुसत होत्या. पडद्यामागून आधी 'अं अं' असा आवाज आला, मग डॉक्टरांचं "झालं, झालं". वीस मिनिटांनी अध्यक्ष पुन्हा जागेवर येऊन बसले. डावा गाल टम्म, तोंडात बोळा, अर्धा चेहरा बधिर. "तासभर बोलायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं आणि मास्तरांना खूण केली, "सुरू करा."

मास्तरांनी अकरा कविता वाचल्या. आधी आवाज कापत होता. चौथीला अध्यक्षांनी मान हलवली. खरं म्हणजे ती ग्लानीने खाली गेली होती, पण मास्तरांना काय ठाऊक! आवाज मोकळा झाला. आठवी कविता त्यांच्या आईवर होती. ती ऐकताना अध्यक्षांच्या बधिर बाजूच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. सगळ्या खोलीने ते पाहिलं. शाळेचे हेडमास्तर रुमाल काढून बसले. मिठागरावरचे मुकादम तर हुंदके द्यायला लागले. आणि खरं सांगू, ती कविता चांगली होती.

वाचन संपलं. आता अध्यक्षांचा समारोप. त्यांनी खिशातून पेन काढून एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि डॉक्टरांच्या हाती दिलं. मी शेजारीच उभा होतो. चिठ्ठीत दोनच शब्द होते. 'टांगा मागवा.'

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. मास्तरांकडे पाहिलं. मास्तर श्वास रोखून उभे होते. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"अध्यक्ष लिहितात," ते गंभीरपणे म्हणाले, "या कवितांनंतर बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही."

टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं हादरली. अध्यक्षांनी डॉक्टरांकडे एक जळजळीत नजर टाकली, पण बोळा तोंडात असल्यामुळे इलाज नव्हता. मास्तर त्यांच्या पाया पडले. ते पाहून अध्यक्षही थोडे घुटमळले आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढं मात्र खोटं नव्हतं असं मला वाटतं.

मंडळी गेली. दिवेलागण झाली होती. मी आणि डॉक्टर सतरंजीची घडी घालायला लागलो आणि हसू आवरेना. हसता हसता मी म्हणालो, "काय हा खटाटोप डॉक्टर! तुमचं कवितेवर प्रेम मोठं खरं."

"कविता?" ते म्हणाले. "मला त्यातलं फारसं कळत नाही हो दामले."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते सतरंजीचं टोक धरून तसेच उभे राहिले.

"अठरा वर्षं झाली मला या गावात. बाजारात समोरून कोणी येत असलं तर रस्ता ओलांडून जातं. पोरं तोंडावर हात ठेवतात. लग्नाच्या पंगतीला बसलो तर माझ्या दोन्ही बाजूंच्या पानांतली जिलबी तशीच राहते. म्हणून हल्ली आमंत्रणं आली तरी जात नाही. या जिन्यावर पाय वाजतो तो कण्हत येणाऱ्याचा. बरा झाला की तो माणूस पुन्हा दिसत नाही. जोगळेकर मास्तर पहिल्यांदा आले ना, वही घेऊन, ते दोन-दोन पायऱ्या चढत आले. मी दार उघडून उभा राहिलो. अठरा वर्षांत तसा आवाज ऐकला नव्हता."

सतरंजी कपाटात ठेवली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. कोर्ट सुटल्यावर घराकडे न वळता मी दवाखान्यात गेलो. पेशंट कोणी नव्हता. मला पाहून डॉक्टर लगबगीने उठले.

"दुखतंय का?"

"नाही."

"नवीन काही वाचायचं आहे?"

"नाही."

"मग?"

"काही नाही. सहज आलो."

पेशंटांच्या बाकाकडे त्यांनी बोट केलं, मग बोट मागे घेतलं. आत जाऊन स्वतःच्या खोलीतली एक लाकडी खुर्ची उचलून आणली. तिच्यावरची जुन्या वर्तमानपत्रांची चळत खाली ठेवली, धोतराच्या सोग्याने धूळ पुसली, खुर्ची खिडकीपाशी मांडली. मी बसलो. ते समोर उभेच.

"काय म्हणता मग?" त्यांनी विचारलं.

"ठीक."

"हो का? वा." थोडा वेळ ते हात चोळत राहिले. मग एकदम म्हणाले, "चहा टाकतो," आणि आत गेले.

आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. फडताळाची दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मी खिडकीतून तलावाकडे पाहत बसून राहिलो. डॉक्टर दुसरा कप शोधत होते.