मधल्या गल्लीतली ओरड

मिरवणुकीत मारियामातेची मूर्ती खांद्यावर घ्यायला पुढच्या बाजूला कुलूपवाला आणि बेकरीवाला यांची जोडी लावायची, हे फादरनी मुद्दामच ठरवलं होतं. दोघे साडू, बायका सख्ख्या बहिणी. पण दोघांत बोलणं साफ बंद. कारण तसं किरकोळच. कुलूपवाल्याने सासऱ्यांच्या न्हाणीघराला नवीन कुलूप बसवलं आणि सासरे आत अडकले. बेकरीवाल्याने तो किस्सा मीठमसाला लावून पावाबरोबर गिऱ्हाइकागणिक फुकट वाटला.

"खांद्याला खांदा लागला की मनं जुळतात," फादर म्हणाले.

"त्यांचा खांदा माझ्या कोपराला लागतो, फादर," कुलूपवाला म्हणाला. तो ताडमाड उंच होता आणि बेकरीवाला त्याच्या मानाने फारच बुटका. त्यामुळे मूर्ती पहिल्या पावलापासून बेकरीवाल्याकडे झुकूनच निघाली.

चौकापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे पाहतात तर मोठा रस्ता पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलेला. उरल्या तीन गल्ल्या. डावीकडच्या गल्लीत बेकरी, उजवीकडच्या गल्लीत कुलपांचं दुकान. माता आपल्या दारावरून जावी असं दोघांनाही मनापासून वाटलं. पण विचारायचं कोणी आणि कसं? बेकरीवाल्याने डावीकडे ओढलं, कुलूपवाल्याने उजवीकडे. मूर्ती जागच्या जागी डोलायला लागली. मागचे दोन खांदेकरी, पोस्टमन आणि दूधवाला, कंटाळले आणि त्यांनी सरळ पुढे ढकललं. मूर्ती मधल्या गल्लीत शिरली. फादर डोळे मिटून गात होते, तेही शिरले. मग सगळं गावच शिरलं.

मधली गल्ली अरुंद, आणि डोक्यावर धुण्याच्या दोऱ्या. मातेच्या मुकुटात एक निळी चादर अडकली आणि मागे लांबलचक लोळायला लागली.

"यंदा झगा काय सुरेख केलाय!" मागून कोणी बाई म्हणाल्या.

"अहो, माझी चादर!" वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली आणि तिने चादरीचं टोक पकडून जोरात खेचलं. मूर्ती तिरकी झाली. कुलूपवाल्याने खांद्यावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मूर्ती पडली तर सात पिढ्या लोक त्याचंच नाव घेणार होते.

"वाका! खाली वाका!" तो किंचाळला.

"मी अजून काय वाकू? जमिनीत जाऊ? उंच तू आहेस!"

"मग तुम्ही टाचा उंच करा!"

"केल्यात! सासऱ्यांना कोंडलंस तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?"

"त्यांनी किल्ली आतून उलटी फिरवली होती! तुम्ही कधी विचारलंत?"

"तू कधी सांगितलंस?"

एवढं होईपर्यंत कुलूपवाला गुडघ्यांत वाकला होता, मूर्ती सरळ झाली होती आणि चादर म्हातारीच्या हातात गेली होती. दोघे मात्र चर्च येईपर्यंत बोलतच राहिले. किल्ली उलटी फिरवणाऱ्या सासऱ्यांची कल्पना करून बेकरीवाला इतका हसला, की पोस्टमनला मागून दटावावं लागलं. फादर खूश झाले.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं.

"शेवटी आमच्या ह्यांनीच मोठं मन करून आधी तोंड उघडलं," कुलूपवाल्याची बायको म्हणाली.

"वाका म्हणून ओरडणं म्हणजे बोलणं नव्हे," बेकरीवाल्याची बायको, थोरली, म्हणाली. "नीट वाक्य बोलले ते आमचेच."

धाकटीने पदर झटकला, थोरलीने दार लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघी बहिणींचं येणंजाणं थांबलं. बायकांचा राग नवऱ्यांवर निघाला आणि दोन्ही घरांत जेवणं मुक्याने व्हायला लागली. भाजीत मीठ कमी आहे म्हणायचीही सोय उरली नाही.

शेवटी साडूंनी एकत्र बसून उपाय काढला. संध्याकाळी दोघांनी आपापल्या घरी चेहरा पाडून जाहीर केलं, "आमचं पुन्हा वाजलं. आता एकमेकांचं तोंड पाहणार नाही."

बहिणी दुसऱ्याच दिवशी एकमेकींचं सांत्वन करायला भेटल्या आणि तशाच बाजारात गेल्या. तेवढ्या वेळात बेकरीच्या मागच्या खोलीत, भट्टीच्या आडोशाला, दोघे साडू चहा पीत बसले होते.

"हळू हस रे," बेकरीवाला म्हणाला. "कोणी ऐकलं तर पुन्हा संसाराचं वाटोळं."